व्हिनेगरचा वास

रविवारी सकाळी शॉवरची एक धार सरळ तिच्या उघड्या डोळ्यात घुसली. बाकीच्या धारांपैकी एकही जागेवर नव्हती. एक आरशावर जात होती, एक दारावर, दोन भिंतीला चिकटून खाली ओघळत होत्या आणि ही एक, बारीक, नेम धरल्यासारखी. डोळा चोळत ती मागे सरकली आणि दुसऱ्या डोळ्याने वर पाहू लागली. शॉवरच्या तोंडावर पांढरी, खडबडीत पुटं चढली होती. चाळीसएक भोकांपैकी जेमतेम पाच उघडी उरली असतील. सात महिने ती रोज याच्याखाली उभी राहत होती, आणि पाणी कमी येतं म्हणून टाकीला, पंपाला, वरच्या मजल्यावरच्यांना दोष देत होती. एकदाही मान वर करून पाहावंसं वाटलं नव्हतं. टॉवेल गुंडाळून बाहेर आली तेव्हा नवरा तिच्या लाल डोळ्याकडे बघून म्हणाला की लोकांच्या डोळ्यातून पाणी येतं, तुझ्या डोळ्यात जातं, तुझं सगळं उलटंच. ती हसली नाही. आपण हसलो नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि का हसलो नाही ते काही सापडेना.

प्लंबर तळमजल्यावर कुणाकडे तरी आला होता, त्याला नवऱ्याने वर बोलावून घेतलं. साठीचा, जाड काचांचा चष्मा लावलेला माणूस. त्याने शॉवरच्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवलं, भुकटी झटकली आणि नवा बसवायचा विचार काढून टाका म्हणाला. बोअरचं पाणी जड आहे, नवाही सहा महिन्यांत असाच होईल. ह्या पाण्यापुढे साबणसुद्धा हात टेकतो. त्यापेक्षा बाटलीभर व्हिनेगर आणा, साधं, पांढरं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओता, पिशवी शॉवरच्या तोंडाला रबराने बांधा, तोंड बुडालेलं राहिलं पाहिजे. दोन-तीन तासांनी जुन्या टूथब्रशने घासा. नळाच्या तोंडाशी जाळी असते ती काढून वाटीत टाका. किटलीत अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर घालून उकळा. हे सगळं तो तिला सांगत होता, नवऱ्याला नाही; या घरात हे काम कोण करणार ते त्याने आल्याबरोबर ओळखलं होतं. जाताना दारात थांबून त्याने एक बजावलं. स्टीलला काही होणार नाही, पण ज्याच्यावर मुलामा आहे ते तासाभराच्या वर ठेवू नका ताई, मुलामा खाऊन टाकतं.

तर तिने पिशवी बांधली. स्टुलावर उभं राहून, दातात रबर धरून, एका हाताने पिशवीचं तोंड आवळत. पिशवीत शॉवरचं तोंड बुडालं आणि लगेच त्यातून बारीक बुडबुडे सुटायला लागले. ती ते बघत उभी राहिली. घासून, खरवडून निघालं नसतं ते नुसतं बुडवून ठेवल्यावर आपणहून सुटत होतं, याची तिला गंमत वाटली. मग वास आला. आधी बाटली उघडताना आला होता, पण तो स्वयंपाकघरात, खिडकी उघडी असताना. हा बाथरूममधला होता, बंद दारातला, ओल्या फरशीतून वर येणारा. नाकातून तो थेट कपाळात गेला आणि तिने काही कारण नसताना मागे वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. कडी लावलेली होती. तरीही तिने स्टुलावरून उतरून कडी हाताने चाचपून पाहिली, आणि कडीवर हात ठेवल्यावर तिला समजलं की आपण नऊ वर्षांच्या आहोत.

बाबा एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचे. हनुवटी खाली, खांदे सरळ, हलू नका. दिवसभर अनोळखी माणसांचे चेहरे. स्टुडिओच्या मालकाला तिथे बाहेरच्या कामाची फिल्म धुतलेली चालत नसे, म्हणून रविवारी घरातलं बाथरूम त्यांची डार्करूम व्हायचं. खिडकीला काळं घोंगडं, दाराच्या फटीखाली चादर कोंबलेली, पाटावर तीन ट्रे. एका ट्रेमध्ये फिल्म धुवायचं औषध, शेवटच्यात ती पक्की करायचं, आणि मधल्यात पाण्यात घातलेलं व्हिनेगर, पहिल्या औषधाचं काम जागच्या जागी थांबवण्यासाठी. स्टुडिओत त्यासाठी बाटलीतलं आम्ल असे, घरी बाबा वाण्याकडचं व्हिनेगर वापरायचे. त्यामुळे रविवारी आंघोळ सकाळी सातच्या आत उरकायची आणि नंतर दिवसभर अंगाला, टॉवेलला, कंगव्याला तो वास. आई म्हणायची, बाकीच्यांच्या घरी रविवारी काहीतरी चांगलं शिजतं, आपल्याकडे बाथरूम शिजतं. फिल्म पूर्ण अंधारात धुवावी लागायची, लाल दिवासुद्धा चालत नसे. घड्याळ दिसायचं नाही, म्हणून बाबा सेकंद मोठ्याने मोजायचे. दोन्ही हातांत फिल्मची दोन टोकं धरून, ती औषधातून झुलवत, एक, दोन, तीन, असं तीनशेपर्यंत. बाहेर बसून तिला ते ऐकू यायचं. शाळेत आकडे शिकायच्या आधी ती तीनशेपर्यंत बाथरूमच्या दाराशी शिकली.

दुपारपर्यंत शॉवर स्वच्छ झाला. तिने पिशवी सोडली, टूथब्रशने घासलं, पाणी सोडलं आणि सगळ्या धारा एकदम, सरळ, भरघोस खाली आल्या. नवऱ्याने येऊन पाहिलं, टाळी वाजवली. तिला बरं वाटायला हवं होतं. पण ती बेसिनच्या नळाकडे वळली, जाळी काढून वाटीत टाकली. मग किटली. मग इस्त्रीची भोकं, गाळणी, चमचे ठेवायचा स्टीलचा डबा, ग्लासांच्या तळाचे पांढरे गोल. संध्याकाळी दुसरी बाटली आणली. घराचं लोणचं घालणार आहेस का, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा ती ओट्यापाशी वाटीत बोटं बुडवून उभी होती, आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. मी उठलो होतो. ते वाक्य दादाचं होतं, बारा वर्षांच्या दादाचं, आणि ते तिला अडतीस वर्षं ठाऊक होतं. पण इतकी वर्षं ती ते चुकीचं आठवत होती. तिच्या आठवणीत तो म्हणाला होता, मी उघडलं. आज त्या वासात ते जसं होतं तसं ऐकू आलं होतं. मी उठलो होतो. दोन्हींत फरक होता, आणि तो वाटीतल्या जाळीसारखा हळूहळू मोकळा होत चालला होता.

आई त्या वर्षी आजारी होती. दवाखान्यातल्या दोन मुक्कामांच्या मध्ये तिला आठ दिवस घरी सोडलं होतं. केस बारीक कापलेले, गळ्याभोवती शाल, आणि चेहरा एखाद्या मुलासारखा लहान झालेला. बाबांनी, जे घरच्यांचे फोटो कधी काढत नसत, दिवसभर तेच करून मी कंटाळतो म्हणत, त्यांनी त्या आठ दिवसांत एक रोल काढला. बारा फोटो. आई खिडकीशी, आई कणीक मळताना, आई ह्या दोघांच्या मध्ये बसलेली. एका फोटोच्या वेळी आईने जीभ काढून दाखवली होती आणि बाबांनी तरीही बटण दाबलं होतं, हे तिला पक्कं आठवतं, कारण ती हसून हसून पलंगावर आडवी झाली होती. मग आई पुन्हा दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. रोल कॅमेऱ्यातच राहिला. महिना गेला. एका रविवारी बाबांनी कुणाला काही न सांगता खिडकीला घोंगडं लावलं. बाथरूमची कडी तेव्हा मोडलेली होती आणि त्या घरातली सगळी दारं आपोआप बाहेरच्या बाजूला उघडायची, म्हणून बाबांनी दादाला दाराला पाठ लावून बसवलं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही. ती समोर भिंतीशी बसली होती. आत मोजणं सुरू झालं. शंभर झाले, सव्वाशे झाले. तेवढ्यात घराच्या दाराची घंटा वाजली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढून दाराला टेकवलं, आणि तो कोण आलंय ते बघायला गेला.

एकशे नव्वदला मोजणं थांबलं. तिने एकशे एक्याण्णवची वाट पाहिली. तो आला नाही. त्याऐवजी एक आवाज आला, पाणी घशात अडकल्यासारखा, मग थांबला, मग पुन्हा. तिला वाटलं बाबांना काहीतरी होतंय. आईला व्हायचं तसं. तिने स्टूल बाजूला केलं आणि दार उघडलं. उजेडाची पट्टी आत पडली. त्या पट्टीत बाबा गुडघ्यांवर बसलेले, दोन्ही हातांत फिल्म धरलेली त्यामुळे चेहरा पुसायला हात मोकळा नाही, आणि चेहरा पार ओला. डोळे घट्ट मिटलेले. त्यांना ती दिसली नाही. तिने दार लोटलं आणि पळत जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसली. तिथून तिला सगळं ऐकू आलं. दादाची परत येणारी पावलं. बाबांचं बाहेर येणं. दार कोणी उघडलं, असं बाबांनी विचारलं, अगदी हळू. आणि दादा म्हणाला, मी उठलो होतो. बाबा म्हणाले, बरं. बस, एवढंच. नंतर ती बाहेर आली तेव्हा कचऱ्याच्या डब्यात गुंडाळी झालेली ओली फिल्म होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी.

बाबांनी पुन्हा घरी कॅमेरा आणला नाही. त्या दिवसाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आणि ती अडतीस वर्षं अशा समजुतीत जगली की दादाने तिला पळताना पाहिलं होतं, आणि तिच्यासाठी आळ स्वतःवर घेतला होता. या एका गोष्टीवर तिचं दादाशी असलेलं सगळं नातं उभं होतं. त्याच्या लग्नात ती सगळ्यांत जास्त राबली. वहिनीच्या बाळंतपणात दीड महिना जाऊन राहिली. दादा काही बोलला आणि ते चुकीचं असलं तरी ती उलट बोलत नसे. आणि या उपकाराचा तिला कंटाळाही आला होता, इतका की गेली काही वर्षं ती त्याला आपणहून फोन करत नव्हती. भेटला की बरी वागायची, गेला की हुश्श करायची. माझ्यासाठी एवढं केलंस, आता किती दिवस, असं तिला कधीकधी मनात म्हणावंसं वाटायचं, आणि तसं वाटल्याची पुन्हा लाज. तो कधीच काही सुचवत नसे. ते तिला त्याचं मोठेपण वाटायचं.

पण तो सुचवत नसे, कारण त्याच्याकडे सुचवण्यासारखं काही नव्हतंच, असं असेल तर? तो खोटं बोललाच नव्हता. तो उठला होता, तेवढंच त्याने सांगितलं. त्या घरातली दारं आपोआप उघडायची. स्टूल हलकं होतं. घंटेला उत्तर देऊन तो परत आला तेव्हा त्याला काय दिसलं असेल? सरकलेलं स्टूल. किलकिलं दार. ती कुठेच नाही.

सोमवारी कामावर तिच्या हातून तीन चुका झाल्या. ती कानांची तपासणी करते. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की बटण दाबा. काही माणसं ऐकू येऊनही दाबत नाहीत, खात्री करत बसतात. आणि काही अशी असतात की आवाज सोडलेलाच नसतो तरी दाबतात, आपल्याकडून काही सुटू नये म्हणून, घामेजून, पुन्हा पुन्हा. त्यांची तपासणी सगळ्यांत अवघड. सोमवारी असाच एक माणूस आला होता, शाळेतला शिपाई, आणि काचेतून त्याचा दाबणारा अंगठा बघताना तिला दादाचा दारावर ठोठावणारा हात दिसला. दादा प्रत्येक दार ठोठावतो. स्वतःच्या घराचं, स्वतःच्या झोपायच्या खोलीचं, उघड्या दाराचंसुद्धा. घरात सगळे त्याला टकटक म्हणतात. तो लिफ्टची देखभाल करतो, आणि बंद पडलेल्या रिकाम्या लिफ्टचं दारही तो आधी ठोठावतो, असं वहिनी सगळ्यांना हसत सांगते. तीही प्रत्येक वेळी हसत आली होती. हे त्याला कधीपासून लागलं याचा विचार तिने केला नव्हता. आता केला. तिने शिपायाला दोनदा एकच आवाज सोडला, तिसऱ्यांदा डावा कान समजून उजव्यात सोडला, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तपासणी पुढे करायला सांगून पाणी प्यायला गेली.

घरी आली तेव्हा बाथरूममध्ये वाटी तशीच होती. नळाखालची चकचकीत कडी तिने सकाळी त्यात टाकली होती आणि विसरून कामावर गेली होती. बाहेर काढली तर अर्ध्या भागाचा मुलामा गेलेला, आतला पिवळट, मळका धातू उघडा पडलेला. तिने ती फडक्याने पुसली, पुन्हा पुसली, जणू पुसून येईल. नवरा म्हणाला, अगं बाजारात मिळते तसली कडी, एवढी काय घेऊन बसलीस. ती बेसिनच्या काठावर टेकली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण हे पहिल्यांदाच. त्याने ऐकून घेतलं, थट्टा केली नाही. शेवटी म्हणाला की दादाला माहीत असेल तर सांगून काही बिघडत नाही. आणि माहीत नसेल तर मात्र बिघडेल, पण खरी सांगायची गरज तेव्हाच आहे. तिला ते पटलं आणि त्याचा रागही आला, कारण हे तिलाही ठाऊकच होतं. मंगळवारी तिने तीनदा फोन हातात घेतला. फोनवर आवाजच ऐकू येतो, चेहरा नाही, आणि नुसत्या आवाजावर विसंबणं किती धोक्याचं ते तिच्याइतकं कुणाला कळणार? बुधवारी अर्धी रजा टाकून तिने वहिनीला तो कुठे काम करतोय ते विचारलं.

नऊ मजल्यांची इमारत होती. लिफ्ट बंद, दारावर पुठ्ठा अडकवलेला. जिन्याने चढताना खाली उतरणारी माणसं आपापसांत लिफ्टवाल्याला शिव्या घालत होती, आणि पिशव्या घेऊन वर जाणारे कठड्याला धरून दम खात होते. सहाव्या मजल्यावर ती स्वतः थांबली. परत फिरता येईल असं वाटलं. मग गच्चीवर पोचली. गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दाराची खोली, आत मोटर, तेलाचा वास, छताला एक पिवळा दिवा आणि जाळीच्या खिडकीतून येणारं अकरा वाजताचं ऊन. दादा खाली बसून एका काळ्या पेटीच्या तारा कसत होता. केस पांढरे झाले होते त्याचे, मानेवरचे. इतक्यात? तिला बघून तो उठायला लागला, काय झालं म्हणाला, कुणाला बरं नाही का. ती म्हणाली, कुणाला काही नाही, सहज. नऊ मजले चढून सहज कुणी येत नाही, असं तो म्हणाला, पण पुढे विचारलं नाही. एक खोकं उलटं करून फडक्याने पुसून तिला बसायला दिलं. काम झालंच आहे, एक बटण बसवलं की सुरू, मग चहा घ्यायला खाली जाऊ.

तिने मोटरकडे बघत सुरुवात केली. शॉवरपासून सुरुवात केली, कारण दुसरं सुचेना. पाणी जड आहे, पुटं चढली होती, प्लंबरने व्हिनेगर आणायला सांगितलं. तो तारा कसत ऐकत होता, मधूनच हं म्हणत होता. व्हिनेगर म्हटल्यावर त्याचा हात थांबला. तिने ते पाहिलं. मग तिला थांबता येईना. ती म्हणाली, "त्या दिवशी दार मी उघडलं होतं दादा. तू स्टूल लावून गेलास, ते मी काढलं. तुला माहीत आहे ना?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. पाना त्याच्या हातात तसाच. त्याच्या चेहऱ्यावर काही येईना, आणि त्या न येण्यातच तिला उत्तर मिळालं.

"स्टूल सरकलं नव्हतं?" तो म्हणाला.

"नाही."

"मला वाटलं सरकलं. हलकं होतं ते. मला नेहमी वाटायचं, पाण्याची बादली लावायला हवी होती. भरलेली. हाताशीच होती." त्याने हाताने बादली दाखवली, जणू ती तिथेच मोटरशेजारी होती. मग पाना खाली ठेवला, फडकं घेतलं, एकेक बोट पुसायला लागला. ती वाट बघत होती. त्याने ओरडावं, चालती हो म्हणावं, अडतीस वर्षं म्हणावं. ती सगळ्याची तयारी करून आली होती. मी टेबलाखाली होते, मला वाटलं तू मला पाहिलंस, मला वाटलं तू माझ्यासाठी बोललास, असं ती भराभर सांगत सुटली, आणि आपण अजूनही टेबलाखालूनच बोलतोय असं तिला वाटलं. तो ऐकत होता की नाही कळेना. सगळी बोटं पुसून झाल्यावर त्याने विचारलं, "का उघडलंस पण?" विचारण्यात राग नव्हता. बिघाड कुठे आहे ते शोधताना विचारावं तसं.

"बाबा आत रडत होते."

तो हसला. खरंच हसला, बारीकसा. "बाबा?"

"हो."

"बाबा रडत नव्हते बारके. बाबा कधीच रडले नाहीत. मी होतो ना त्यांच्या शेजारी. आईला नेलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता, आणि मी सारखा वर बघत होतो. आता रडतील, मग मी रडीन. ते समोर बघत होते. घरी आलो, तरी नाही. महिनाभर मी वाट बघितली. नंतर ठरवून टाकलं की ह्या माणसाला काही वाटलंच नाही. आणि मी तर आईचे फोटो घालवून बसलेलो. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून." पुढे त्याने वाक्य पुरं केलं नाही. जाळीबाहेर पाहिलं. "ते गेले तेव्हा पण मला नाही आलं रडू. तुला आठवतंय, तू किती रडलीस. मी म्हटलं, मी कशाला. त्यांनीच शिकवलंय."

तिला ते आठवत होतं. सहा वर्षांपूर्वी दादाने बाबांचं सगळं नीट केलं होतं, कागद, माणसं, फुलं, कुठे काही कमी नाही, आणि त्याचा कोरडा चेहरा बघून तिने मनात म्हटलं होतं, माझ्यामुळे. पण तिला वाटलेलं कारण वेगळं होतं. तिला वाटायचं, बाबांनी आळ घेणाऱ्या मुलाला कधी जवळ घेतलं नाही म्हणून. खरं कारण हे होतं, आणि ते घालवायला लागणारी गोष्ट सबंध जगात तिच्या एकटीकडे होती. तिने ती टेबलाखाली नेऊन अडतीस वर्षं आपली चूक म्हणून जपली होती.

"रडत होते," ती म्हणाली. "मी पाहिलं."

"सांग."

ती सांगायला लागली. मोजत होते, ती म्हणाली, आणि एकशे नव्वदला थांबले. आधी आवाज आला, तिला वाटलं त्यांना ठसका लागलाय. नाही, ठसका नाही, ठसका बाहेर येतो, हा आत जात होता. जे काम ती रोज करते त्यात आवाज किती उंच, किती बारीक, किती वेळ, एवढंच लिहावं लागतं, आणि आता तिला तेवढंही नीट जमत नव्हतं. तरी तिने प्रयत्न केला. तीनदा आला, म्हणाली, मध्ये श्वास. मग मी दार उघडलं. गुडघ्यांवर बसले होते. डोळे मिटलेले. हातांत फिल्म होती म्हणून तोंड झाकता येत नव्हतं, तर त्यांनी ते खांद्यावर पुसायचा प्रयत्न केला, असं, मान वाकडी करून. शर्टाचा खांदा भिजला होता. आणि दादा, फिल्म त्यांनी सोडली नव्हती. हात हलतच होते. रडत होते आणि झुलवत होते.

दादा खोलीच्या भिंतीला टेकून खाली बसला. पाय पसरले, लहान मुलं बसतात तसा. त्याने का पळालीस, इतकी वर्षं का बोलली नाहीस, यातलं काहीही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. त्याचा फोन वाजला. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी होतं, आवाज चढलेला, तिला इथपर्यंत ऐकू येत होता. किती वाजता सुरू होणार ते एकदाचं सांगा, घरात म्हातारी माणसं आहेत. दादाने त्या काळ्या पेटीकडे पाहिलं, जिच्यात एकच बटण बसवायचं राहिलं होतं.

"अजून वेळ लागेल," तो फोनमध्ये म्हणाला. फोन त्याने उलटा करून जमिनीवर ठेवला आणि मान वाकडी करून गाल खांद्याला पुसला.

"परत सांग," तो म्हणाला. "एकशे नव्वदपासून."